पेशंटची खुर्ची

१४ नोव्हेंबर

चि. बबडे,

अनेक आशीर्वाद. पार्सल पोचलं. स्वेटर अंगाला नीट बसला. मोरीतल्या नळाचा वॉशर बदलला, आता गळत नाही.

आई गेल्यावर तिचा इंग्रजी बोलण्याचा वर्ग बंद केला, असं मी तुला सांगितलं होतं. तसं राहिलेलं नाही. तिच्याकडे येणाऱ्या तिघी नर्स जिना चढून आल्या. "काका, तोंडी परीक्षा जवळ आलीय. शिकवू नका, नुसते पेशंट व्हा." म्हणून मी पुन्हा खिडकीजवळच्या खुर्चीत बसतो.

तुला आठवत असेल, शब्दावरचा जोर दाखवायला आई टेबलावर पेन्सिल आपटायची. 'व्हेअर डझ इट हर्ट' म्हणताना 'हर्ट'वर ठोका, आणि तिथून आवाज खाली. 'आर यू इन पेन'चा शेवट मात्र वर. "वर नेलात, की उत्तर तुम्हाला खरंच माहीत नाही हे पेशंटला कळतं. आणि विचारलंत की गप्प बसा. त्याला बोलू द्या." माझं उत्तर इतकी वर्षं एकच: थोडं दुखतं, डाव्या बाजूला. "यांना उद्या खरंच कुठे दुखलं, तरी डावीकडेच दुखेल," असं म्हणून ती सगळ्यांना हसवायची.

परवा त्यांच्यातल्या उंच मुलीचे पुस्तकातले प्रश्न संपले. मग तिनं आपल्या मनानं विचारलं, 'आर यू ऑल राइट?' आवाज शेवटी बरोबर वर गेला. आणि ती गप्प बसली.

फोनवर तू "बाबा, बरे आहात ना" म्हणतेस. शेजारचे जिन्यात तेच म्हणतात. सगळ्यांचा आवाज खाली येतो, मी हो म्हणतो, आणि भागतं. तुला बोल लावत नाही, मीही तुला तसंच विचारतो. पण ही मुलगी थांबूनच राहिली. डावी बाजू म्हणावं, तर प्रश्न तो नव्हता.

मी "नो" म्हणालो.

बाकीच्या दोघींनी पुस्तकं मिटली. एकीनं पाणी आणून दिलं. उंच मुलगी म्हणाली, "काका, हे उत्तर पुस्तकात नाहीये."

"ठाऊक आहे," मी म्हणालो.

तुझी नोकरी, मुलांच्या शाळा, सगळं मला समजतं. तरी विचारतो. चार दिवस येशील का?

कागदावर आवाज कळत नाही, म्हणून लिहितो: शेवट वर गेला आहे. नाही म्हणालीस तरी चालेल.

विचारून गप्प बसलेला,
तुझा बाबा