मेंदूतली रिकामी जागा

४ मार्च, मंगळवार
ताईच्या मेंदूत गाठ. बोराएवढी. सर्जनने फिल्मवर पेन टेकवलं — "बोलण्याच्या केंद्राला लागूनच आहे. काढावी लागेल."
ताईने चष्मा पुसला. "काढा की! नव्वद टक्के मेंदू रिकामाच असतो म्हणे. आमच्या धाकट्यानेच छापलंय."
सर्जनने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे.

५ मार्च
खरंच छापलं होतं. बारा वर्षांपूर्वी. रविवारच्या पुरवणीतली एक जाहिरात ऐनवेळी गळली, पान छपाईला सुटायला दहा मिनिटं. भोकाला ठिगळ म्हणून मी चौकट लिहिली — 'माणूस दहाच टक्के मेंदू वापरतो : शास्त्रज्ञ'. कुठले शास्त्रज्ञ? समोर उपसंपादक बसला होता, तेवढा पुरावा मला पुरला.
ताईच्या कपाटाच्या दाराला आतून ते कात्रण अजून चिकटलेलं आहे.

७ मार्च
सर्जनला एकटं गाठलं. "रिकामी? तिळाएवढी जागा रिकामी नसते हो! म्हणून तर त्यांना जागं ठेवणार. त्या बोलत राहतील, मी काढत राहीन. अडखळल्या की थांबेन. तोंडपाठ काही येतं त्यांना?"
येतं तर! वडिलांनी आम्हा दोघांकडून घोटून घेतलेली संस्कृत शब्दरूपं. मी हटकून षष्ठी विभक्तीला अडायचो.
पण तिचा सगळा धीर त्या चौकटीवर! खरं कसं सांगू? तीस वर्षं बातमीदारी केलेला मी — एक खुलासा तोंडातून निघेना.

१० मार्च
नाही सांगितलं.

११ मार्च
साडेचार तास बाकावर. मग नर्स हसत बाहेर आली — "संपलं! शब्द न् शब्द शाबूत. एकदाच थांबल्या, सगळ्यांचे श्वास अडकले. तर म्हणतात, 'इथे माझा भाऊ अडायचा!'"
तिथेच रडलो. कुणी पाहिलं असेल तर छापू नये.

१५ मार्च
रिपोर्ट आला. साधी गाठ. सुटलो!
धीर करून कबूल केलं — "ताई, ती चौकट थाप होती."
"त्याच रविवारी कळलं होतं मला. तुझी सगळ्यात सुंदर थाप म्हणून जपली."
"मग सर्जनपुढे —"
"तू पांढराफटक पडला होतास, वेड्या. कुणीतरी धीर द्यायला नको तुला?"