दोर कुणी सोडला

बेल नॉब, मिझुरी
१२ एप्रिल १९५६

चि. आर्डिस हिस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचता वाचता माझी कॉफी गार झाली. तुझ्या नवऱ्याने, डेन्झिलने, हॉबर्ट स्ट्राउडचं काम घेतलं? पाच राज्यांत फिरून कोठारांच्या छपरांवर त्या माणसाच्या गुहेची जाहिरात रंगवायची, आणि तूही शिड्या धरायला बरोबर जाणार? आईला पुरून दोन महिने झाले नाहीत.

तू बाबा गेले तेव्हा नऊ वर्षांची होतीस, म्हणून पुन्हा सांगते. गुहा बाबांनी शोधली. स्ट्राउड भागीदार होता. बाबा खोल विवरात उतरले तेव्हा वर दोर त्याच्या हातात होता. तिसऱ्या दिवशी गावात येऊन त्याने सांगितलं की दोर तुटला. बाबांचं प्रेत काढलं तेव्हा त्यांच्याबरोबर वर आलेला तो दोर आईच्या ट्रंकेत आहे. दोन्ही टोकं धड आहेत.

आता तो दर तासाला प्रवाशांना विवराशी नेतो आणि सांगतो की इथे एक दारुडा गडी न विचारता उतरला, तो अजून खालून बाटली मागतो. लोक हसतात. बाबांनी आयुष्यात दारूला तोंड लावलं नव्हतं. मी तिकिटाच्या खिडकीत बसून सतरा वर्षं ते हसणं ऐकतेय, कारण या गावात दुसरी नोकरी नाही. पगार देताना तो म्हणतो, ल्यूडेल, तुझ्या बापाच्या पुण्याईचं खातेस हो.

आणि आता त्याचंच तुम्हीही खाणार. खुशाल जा. वाटेत जपून राहा, डेन्झिलला छपरावर दोरी बांधायला लाव.

तुझी,
ल्यूडेल

मर्फ्रीझबोरो, अर्कान्सा
३ मे १९५६

ती. ताईस,
आर्डिसचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

तू रागावणार हे ठाऊकच होतं. आधी सांगितलं असतं तर तू खिडकीतून त्याच्याकडे अशी पाहिली असतीस की त्याला सगळं कळलं असतं.

इथे एक नांगरलेलं शेत आहे. तिकीट काढून आत जायचं आणि हिरे शोधायचे; सापडला तर आपला. टेक्ससच्या नवरा-बायकोने सगळी सुट्टी त्या चिखलात काढली आणि एक गारगोटी घेऊन आनंदात घरी गेले. गेल्या आठवड्यात कॅन्ससात हातांनी खणलेली विहीर पाहिली, तिच्यात आपलं चर्च कळसासकट मावेल. या देशात लोकांना नवल दाखवा म्हटलं, की ते शंभर मैल वाकडी वाट करतात. हेच आपल्या पथ्यावर पडणार आहे.

आता काम सांगते. डेन्झिल छपरावर आधी ठरलेलं लिहितो: हॉबर्ट स्ट्राउड यांनी शोधलेली विस्मयगुहा. त्याचा फोटो काढून स्ट्राउडला धाडतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा शिडी चढतो. मग छपरावर पुरुषभर उंच अक्षरांत बाबांच्या नावाने राहतं: ऑर्वल टेटलोंनी शोधलेली गुहा. दोर कुणी सोडला, तिथे जाऊन विचारा.

शेतकऱ्यांना मी खरं ते सांगते. आजवर एकानेही नाही म्हटलेलं नाही. एका म्हाताऱ्याने तर आणखी मोठं लिहा म्हणून स्वतःचा पिवळा रंग काढून दिला. अकरा झाली, वीस राहिली. स्ट्राउड गुहा सोडून कुठे जात नाही, हे तूच सांगितलेलंस.

माया असू दे, आणि चेहरा सांभाळ.

तुझी,
आर्डिस

बेल नॉब
८ जुलै १९५६

चि. आर्डिस हिस,
तुला आणि डेन्झिलला उदंड आशीर्वाद.

मागच्या पत्रातले माझे शब्द मी परत घेते.

पहिली गाडी जूनच्या सुरुवातीला आली, ओक्लाहोमाची. तिच्यातल्या बाईने खिडकीशीच विचारलं की दोर कुणी सोडला ते आत सांगतात ना? मी म्हटलं, विवराशी पोचलात की विचारा. त्या दिवशी स्ट्राउड हसला आणि तुटला म्हणाला. मग प्रत्येक फेरीत कुणी ना कुणी विचारू लागलं. लोकांना तो गुहेतला खेळच वाटतो. दोन आठवड्यांत त्याने दारुड्याचा विनोद सोडला. तरी लोक विचारतातच. त्याने छपरं पुसायला माणूस पाठवला, तर शेतकऱ्यांनी त्याच्यावर कुत्री सोडली.

काल अडतीस जणांची फेरी होती. वर आली ती मुकाट. सतरा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. कॅन्ससकडच्या शिशाच्या खाणीतल्या कामगाराची विधवा त्यांच्यात होती, ती खिडकीशी पाणी मागायला आली. मी कोण ते तिला माहीत नव्हतं. ती म्हणाली, मी त्याला एवढंच विचारलं की तुटलेला दोर मी पाहिलाय, माझा नवरा त्यानेच गेला. त्याचं टोक पिंजतं, तुमचं टोक कसं होतं? त्यावर तो दगडावर बसला आणि म्हणाला की वर छत कडकडलं, पळायला दोन्ही हात हवे होते, म्हणून मीच सोडला.

तिला पाणी दिलं आणि पुढचं तिकीट फाडलं.  रात्री दोन माणसांचं जेवले.

तुझी ताई,
ल्यूडेल

दे मॉइन, आयोवा
२७ ऑगस्ट १९५६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

इथल्या जत्रेत लोण्याची गाय करतात. खऱ्या गाईएवढी, पाठीवरच्या शिरा दिसाव्यात इतकी हुबेहूब, काचेच्या थंड कपाटात उभी. बाबा असते तर तीनदा रांगेत उभे राहिले असते. डेन्झिलने विचारलं का रडतेस, तर मी लोण्याचं नाव सांगितलं.

इथे स्ट्राउडचं पत्र आलं. अक्षर इतकं वेडंवाकडं की ओळखू येईना. फाटकावर बाबांचं नाव लावतो, त्यांच्याबद्दल पुन्हा वाईट बोलणार नाही, फक्त छपरं काळी करा, असं लिहिलंय. तो अडुसष्ट वर्षांचा आहे, ताई. चारचौघांत कबूल झाला. भ्याला आणि पळाला. भिणारी माणसं असतातच. डेन्झिल म्हणतो, पुरे झालं. काळ्या रंगाचा डबा उघडून ठेवलाय. मलाही पुरे वाटतंय, पण तुझ्या शब्दाबाहेर जाणार नाही.

उत्तर लगेच धाड. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझी,
आर्डिस

बेल नॉब
२ सप्टेंबर १९५६

चि. आर्डिस हिस,
आशीर्वाद.

तो माझ्याकडेही आला होता, हॅट हातात धरून. फाटकावर बाबांचं नाव लागलं आहे. अक्षरं बरी आहेत.

मी त्याला क्षमा करणारच होते, तुझी शपथ. तेवढ्यासाठी बाहेर येऊन त्याच्यासमोर उभी राहिले. एकच विचारलं: बाबांनी हाक मारली होती का? तो म्हणाला, हो. मी म्हटलं, तुम्ही तर पळालात, मग तुम्हाला कसं कळलं?  तेव्हा म्हणाला की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो परत गेला होता. विवराशी बसून त्याने ऐकलं. बाबा त्यालाच नावाने हाक मारत होते. वर काढलं असतं तर दोर सोडल्याचं त्यांनी गावभर सांगितलं असतं, म्हणून तो उठून घरी आला.

मी खिडकीत परत जाऊन बसले. ही नोकरी मी सोडणार नाही. रोज सकाळी कुलूप काढताना त्याने मला पाहावं.

डेन्झिलला सांग, काळा रंग दुकानात परत कर आणि अक्षरांसाठी पांढरा घे. ओहायोत कोठारं उंच असतात म्हणे, आणि रस्त्यावरून लांबूनच दिसतात. पुढच्या उन्हाळ्याआधी तिथली पुरी व्हायला हवीत.

थंडी पडेल, गरम कपडे घाल. तब्येतीला जप.

तुझी,
ल्यूडेल