खारट दगड

३ जानेवारी
पोचले एकदाची! राजूरच्या पुढं डोंगरात आमचं बोअरचं मशीन लागलंय. काळ्या कातळाखाली, खूप खोल, या भूमीचा मूळ गाभा आहे : अब्जावधी वर्षं जुना, थंड, कणखर. मशीननं त्याची गोल कांडी वर काढायची आणि मी तपासायची. दगड ओला झाला की कण नीट दिसतात, म्हणून आम्ही भूशास्त्रवाले तो सरळ चाटतो. स्वयंपाकाच्या लंकाबाईंनी विचारलं, "बाई, आमी उपाशी ठिवतो व्हय तुमाला?" राहात्याला आईला फोन केला. रेंज येते-जाते. ती चहाच घेत होती. तिचा तो दिवसभर चालूच असतो.

९ जानेवारी
गाभा लागला. पण कोमट! चाटला तर चक्क खारट. मशीनवाल्या अंगदनंही हौसेनं चाटला. असे गाभे खालून मरतात, हे शिकले होते. खालून उष्णता आणि पाणी शिरतं, बूड मऊ पडतं, तुटून जातं आणि वर पत्ताही लागत नाही. पण त्याला कोट्यवधी वर्षं लागतात. आज ट्रेमधल्या दगडात माझं नख रुतलं.

१३ जानेवारी
अंगदच्या टाचेत बोट दाबलं की खळगा पडतो, भरून येत नाही. दुखत नाही म्हणून तो हसत होता. मला हसू आलं नाही. मीही चाटलाय.

१५ जानेवारी
अंगद उभा राहिला आणि पाय — आत हाडच नव्हतं. जीपनं नेलं. चेहरा मात्र ठणठणीत. मला फार भीती वाटतेय. माझ्या टाचा कोमट आहेत. जीप परतली की राहाता गाठणार.

१६ जानेवारी
उठता येत नाही. लंकाबाई रडत आल्या. गाय बसली ती उठलीच नाही. बाई चाटतात म्हणजे चांगलंच असणार, म्हणून त्यांनी मिठाच्या खड्यासारखा तो दगड गव्हाणीत ठेवला होता. आठवडा झाला. "समद्या वाडीनं नेला वं, बाई."
दूध कुठं जातं? डेअरीत. तिथून टँकरनं खाली — संगमनेर, राहाता —
त्यांना डेअरीकडे पिटाळलं. अजून परत नाहीत.

१७
रेंज आली. आईचाच फोन. दात वाकतात, शब्द फुटेना. नुसतं आं आं. तिला वाटलं, रेंज नाही. सांगत होती, यंदा थंडीतही टाचा कशा छान कोमट — थांब म्हणाली, चहा उतू —
मोबाईल घसरला. बोटं —
कुणी वाचलंत तर आईला — दूध —