प्रफुलच्या इटालियन मोटारसायकलबाबत

मी, प्रभाकर वासुदेवराव चिद्दरवार, वय ७१, हार्डवेअरचा दुकानदार, राहणार पिपरी मेघे, वर्धा, लिहून ठेवतो की माझा गळा गेला असला तरी डोके शाबूत आहे. कर्करोगाच्या ऑपरेशनने आवाज नेला, नाहीतर हे सगळे घरातच ओरडून सांगितले असते. माझ्यावर दडपण कोणाचेही नाही. घाई मात्र आहे, कारण डॉक्टरांनी हात टेकले आहेत.

१. राहते घर माझ्या स्वकमाईचे आहे. ते मी माझी विधवा सून ज्योत्स्ना आणि नात आचल यांना देतो. पत्नी प्रमिलाबाई हिचा तिथे मरेपर्यंत राहण्याचा हक्क कायम राहील. तिघींनी एका छताखाली राहावे, एका चुलीवर जेवावे. चुलीचे कायद्यात बसत नाही, असे वकील म्हणाले. मी त्यांना पाटीवर लिहून दाखवले, "तरी लिहा."

२. दुकान आणि बँकेतली ठेव प्रमिलाबाईची.

३. पुतण्या योगेंद्र याला माझी लोखंडी शिडी. ती त्याच्याकडेच आहे, परत मागून थकलो. माझा मुलगा प्रफुल याच्या तेरवीच्या पंगतीत हा मला म्हणाला, "काका, त्या गाडीले मुंबईची पार्टी हाय, देऊन टाका नं." तेव्हा माझा आवाज शाबूत होता. त्यानंतर तो आमच्याकडे जेवला नाही.

४. तांबडी इटालियन मोटारसायकल. ती रस्त्यावर चालवायची साधी जुनी गाडी होती. प्रफुलने ती शर्यतीची केली. दिवा काढला, लांब सीट काढून एकट्यापुरती बसवली, हँडल खाली घेतले. इंजिनाला हवा जास्त मिळावी म्हणून हवेची जाळी काढून कार्बोरेटरचे तोंड उघडे ठेवले. आवाज असा की शेजारचे मनोहरराव चहाचा कप धरून बसायचे. मला मात्र तो आवाज फार आवडायचा.

गेल्या वर्षीच्या दसऱ्याला घरातल्या सगळ्या गाड्यांची पूजा झाली. ज्योत्स्नाने हळदकुंकू लावले, अक्षता वाहिल्या. दुपारी प्रफुल गाडी घेऊन आर्वी रोडला गेला. वळणावर ॲक्सिलरेटर सोडला तरी वेग कमी झाला नाही. तो पुलाच्या कठड्यावर आदळला. मिस्त्रीने कार्बोरेटर उघडले तेव्हा आत कुंकवाचे तांदूळ अडकलेले होते.

त्या संध्याकाळी प्रमिला भरल्या अंगणात सुनेला म्हणाली, "तूनंच खाल्लं माह्या पोराले." ज्योत्स्ना आचलला घेऊन आर्वीला माहेरी गेली, ती आजवर आली नाही. मी दोनदा आणायला गेलो. "आई बोलावतीन तं येईन, बाबा," एवढेच ती म्हणते.

ही गाडी भंगारात घालू नये, विकू नये. ती ज्योत्स्नाची. तिने ठेवावी किंवा विहिरीत ढकलावी, पण तिने ठरवावे.

५. प्रमिला, हे कलम तुझ्यासाठी. ज्याची पूजा करतो त्यावर अक्षता वाहतो, सारे गाव वाहते. त्या पोरीने वेगळे काय केले? मी गेल्यावर तू या घरात एकटी भिंतींशी बोलशील आणि ती तिकडे जन्मभर अपराधी म्हणून जगेल. मला हे सहन होत नाही. हात जोडतो. पाया पडतो म्हटले तरी चालेल, लाज आता उरली नाही.

मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. दुसरी जागा मी तुझ्यासाठी ठेवली आहे. वकील म्हणाले, शेजारचा कोणीही चालेल. मला नको. तू सही केली नाहीस तर हा कागद चुलीत घाल. तुझ्या मनाविरुद्ध कोर्टाने उघडलेले दार त्या पोरीला काय कामाचे?

ठिकाण : पिपरी मेघे, वर्धा
दिनांक : १७ नोव्हेंबर २०२५

(सही) प्रभाकर वासुदेवराव चिद्दरवार

साक्षीदार
१. (सही) मनोहरराव ढोबळे, शेजारी

२. सही केली. त्या दिवशी ज्योत्स्ना फुलं वाहून बाजूले झालती. "इंजिनालेबी अक्षता वाहाय" म्हणून मीच तिच्या मुठीत तांदूळ देल्ले. तिनं हे आजलोक कोणालेच सांगतलं नाई.
(सही) प्रमिला प्रभाकर चिद्दरवार