लव्हाळा कुठे उगवतो

प्रिय बडबडे,

तुमचा प्लॉट बघून आले. कुंपणाला कोणती झाडं लावायची एवढंच तू विचारलं होतंस, आणि मी डोक्याचा भुगा घेऊन परतले. तुझे बाबा म्हणतात, रोपवाटिका चालवणाऱ्या बाईने रोपांचं बोलावं, जावयाच्या घरात नाक खुपसू नये. खरंय त्यांचं. पण डोळ्यांनी बघितलं त्याचं काय करू?

जावईबापू मोठ्या हौसेने हिंडवत होते. इथे बैठकीची खोली, इथे तुझी खिडकी, सोमवारपासून पायाचं खोदकाम. मी मान डोलावत होते आणि नजर खिडकीच्या जागी अडकली होती. तिथे गुडघ्याएवढे ठोंब उभे आहेत, सुटेसुटे, पण एकेक दाट. आधी वाटलं, गवतच असेल. एक दांडी तोडून बोटांत फिरवली, तर तीन कडा लागल्या. गवताची दांडी गोल असते, म्हणजे हा लव्हाळाच. आणि मुळांशी पाणी असल्याशिवाय हा लव्हाळा असा ठोंब धरत नाही.

जमीन मात्र खडखडीत. टाच आपटून पाहिली. दलदलीवर कुणी भराव टाकलाय, की माझंच काहीतरी चुकतंय? जावईबापूंना विचारलं, तर हसून म्हणाले, आई, ते रान आहे, काढून टाकू. आणि मी हो म्हणाले! गिऱ्हाइकांना तोंडावर सुनावणारी मी!

तेव्हापासून काही सुचत नाही. तू या रोपांतच रांगलीस. लव्हाळ्याची कुंडी पाण्यात बुडवून ठेवायची, हे तुला अक्षरं यायच्या आधी येत होतं. कुणी कोरड्या गच्चीसाठी तो मागितला, की तू कमरेवर हात ठेवून भांडायचीस. ती तू इतक्यांदा तिथे गेलीस आणि तुला तो दिसला नाही? पटत नाही. दिसला, तर बोलली का नाहीस? बाबा म्हणतात, विसरली असेल. घटकाभर मलाही तेच खरं वाटतं. मग वाटतं, कुंपणाचं निमित्त करून माझ्या खांद्यावर बंदूक ठेवलीस की काय.

ठेव गं, खुशाल ठेव. आधी खड्डा खणून पाणी बघा, मगच पाया घाला, असं मीच आज जावईबापूंना सांगते. रागावले तर सासूवर रागावतील, सासवांना त्याचं काय! तेवढ्यासाठी पत्र लिहायची गरज नव्हती. पण फोनवर तू हल्ली ‘बरं आहे’च्या पुढे जात नाहीस, आणि मागे त्यांचा आवाज असतो. आपल्या घराखाली पाणी आहे, एवढं साधं तुला नवऱ्यापुढे बोलता येत नसेल, तर बाळा, तिथे आणखी काय काय बोलता येत नाही? मला भीती वाटते. मी चुकत असेन तर चार शिव्या घाल, आनंदाने ऐकेन. बरोबर असेन तर काही लिहू नकोस, समजावू नकोस. नुसती निघून ये.

काहीच न उमजलेली, पण तुझीच,
आई