तेविसाव्या पिनेची थंडी

ताडदेव, मुंबई
कोजागिरीनंतरचा मंगळवार, १९७१

आणि मी काय म्हणतो दादा, ‘गोरख मुंबईला गाड्या पुसतो’ असं साऱ्या टोळीत सांगत फिरायचं तुला काय नडलं होतं? पुसणं वेगळं, दुरुस्ती वेगळी. मागच्या पत्रात मी हे दोनदा लिहिलं, तरी तुझं उत्तर तेच: दिवाळी झाली की भिमाजी मुकादमाचा ट्रक ऊसतोडीला निघतोय, मुकाट्यानं ये. येणार नाही. लिहून घे. असो. थोरल्या भावाच्या पाया पडल्याशिवाय पत्र लिहू नये म्हणतात, म्हणून इथूनच पडतो (वाकायचं काही नाही, गॅरेजात दिवसभर वाकलेलाच असतो). आईच्या गुडघ्याला उतार आहे का? तुझा खोकला काय म्हणतो? वहिनी तुझ्याशी बोलायला लागली का? मी इकडं खुशाल आहे. कसा, ते नीट ऐक.

आमच्या छगन मिस्त्रीच्या गॅरेजात एका औषध कंपनीच्या गोऱ्या साहेबाची जर्मन गाडी येते. तिला गाडी म्हणायचं ते चाकं आहेत म्हणून. पुढचं झाकण उघडावं तर आत साहेबाच्या पिशव्या. इंजिन मागं, डिकीच्या फळीखाली. रेडिएटर नाही. कार्बोरेटर नाही. त्याच्या जागी चार पिचकाऱ्या, आणि कुणी किती पेट्रोल मारायचं ते एक बंद पेटी ठरवते, अगदी मुकादमासारखी, कुणाला न विचारता. पेटीला चहाड्या सांगायला इंजिनात जागोजागी वायरी सोडल्यात: हवा किती आली, दाब किती, इंजिन गरम का गार. दसरा झाला आणि ही बया बिघडली. चुलीत ओली गोवरी घातल्यासारखा काळा धूर, आणि पेट्रोल प्यायची अशी की साहेब मोजायचा बंद झाला. मिस्त्रीनं पहिला दिवस कार्बोरेटर शोधला. दुसरा दिवसही शोधला (जर्मन लोकांनी तो मुद्दाम लपवला असणार, असं त्याचं मत आहे). तिसऱ्या दिवशी साहेबानं गाडीचं पुस्तक आणून आपटलं: शनिवारपर्यंत गाडी नीट झाली नाही तर कंपनीच्या अकराच्या अकरा गाड्या दुसऱ्या गॅरेजात. आता अकरा गाड्या गेल्यावर आधी कुणाला काढतात? जो शेवटी लागला त्याला. म्हणजे तुझ्या भावाला.

पुस्तक जर्मन भाषेत. आमच्या मिस्त्रीला दुकानाची पाटी वाचायला गिऱ्हाईक लागतं. पण आकडे सगळ्या जगात सारखेच असतात, आणि चौथी नापास माणसाला आकडे येतात (तुला नापास दिसतं, चौथी दिसत नाही). पेटीच्या प्लगाला पंचवीस पिना. कुठल्या पिनेला मीटर लावला की काटा कुठं यायला पाहिजे, त्याचा तक्ता पुस्तकात. मी आकडा वाचायचा, मिस्त्रीनं मीटर धरायचा. बावीस पिना सरळ निघाल्या. तेविसावी पिन इंजिनाचा ताप सांगणाऱ्या कांडीची. इंजिन तापलेलं, काटा दोनशेच्या आसपास हवा, आणि आमचा काटा नऊ हजारावर. तक्त्यात नऊ हजारासमोर लिहिलेलं: वजा दहा.

“वजा म्हंजी रं?” मिस्त्रीनं विचारलं.

“बर्फ,” मी म्हणालो.

ऑक्टोबरच्या उन्हात मिस्त्रीची बंडी अंगाला चिकटलेली, आणि पेटीला वाटतंय गाडी बर्फात कुडकुडतेय, म्हणून ती बिचारी मायेनं पेट्रोल पाजतेय. कांडी नवी मागवायची तर जर्मनीहून, तीन महिने. मिस्त्री कपाळाला हात लावून बसला. मी कांडीकडं बघत बसलो, तर मुंग्यांची रांग! फळीच्या फटीतून निघून थेट कांडीच्या प्लगात. पेट्रोल खायला मुंग्या येत नाहीत, एवढं चौथी नापासालाही कळतं. बोटानं चाखून बघितलं. गोड. चिकट. प्लग उपसला तर आत हिरवी बुरशी. ऊन पाण्यानं धुतला, ब्लेडनं खरवडला, फुंकून वाळवला, बसवला. काटा पडला दोनशेवर, धूर बंद, इंजिन रवंथ करणाऱ्या म्हशीसारखं शांत.

साहेबानं माझ्या पाठीवर थाप मारली! (हे आईला सांग.) कसं ओळखलं म्हणाला. त्याला मोडकं हिंदी येतं, मलाही मोडकंच येतं, त्यामुळं आमचं फार जमलं. मी मुंग्यांपासून सुरुवात केली. मग ते नारळाचं पाणी असल्याचं सांगितलं. मग नारळाचं पाणी इंजिनात कसं, तर खंडेनवमीला हत्यारांबरोबर गॅरेजात उभ्या असलेल्या गाड्यांचीही पूजा असते, आणि आपल्या पाथर्डीकडं इंजिनावर नारळाचं पाणी शिंपडल्याशिवाय ट्रक वेशीबाहेर पडत नाही, हे समजावलं. मिस्त्री पाठीमागून खोकत होता. मला वाटलं धुराचा असेल. नारळ कुणी फोडला, साहेबानं विचारलं. आता मान आपला असताना दुसऱ्याचं नाव कसं घ्यायचं? वर हेही सांगितलं की मागच्या बंपरला पोचा आहे, तोही त्याच नारळाचा, पहिल्या दणक्याला फुटला नाही म्हणून. (त्या पोच्यापायी साहेब आठ दिवस एका टॅक्सीवाल्याशी भांडत होता, हे मला मागाहून कळलं.)

साहेब मिस्त्रीशी बोलला, आत, दार लावून. बाहेर आल्यावर मिस्त्री म्हणाला, गोरख, तुझं डोकं लई चाललं, आता त्याला विश्रांती दे. असला मान गॅरेजात आजवर कुणाला मिळाला नाही. टोळीत सांग.

तुझा धाकटा,
गोरक्षनाथ

ता. क. सहादेव गुरुजी नेहमीसारखं हे तुला ओट्यावर मोठ्यानं वाचून दाखवत असतील, तर इथून पुढं त्यांनी तुझ्या कानात वाचावं. साहेबाची बदली फाल्गुनात आहे. तोवर गॅरेजच्या दारात दिसलो तर मिस्त्री पान्यानं बोलणार आहे. मोजून बघितलं, बरोबर एक उसाचा हंगाम होतो. तेव्हा थोरल्या भावाचा शब्द किती दिवस मोडायचा, असं माझ्या मनात आलंय. भिमाजीला म्हणावं ट्रकात एक जागा ठेव, टपावरची चालेल. का येतोय असं कुणी विचारलं तर आईची आठवण झाली म्हण.

आणखी एक. पगारातून पोच्याचे कापून मिस्त्रीनं जे हातावर ठेवलं, त्यातून एस.टी.चं भाडं काढून बाकीची मनिऑर्डर आईच्या लुगड्यासाठी केली आहे. लुगडं येणार नाही, काठ येईल. रुपये साडेसहा.