सहीखालची रेघ

आबा,

काल तुमच्याच खुर्चीत बसून एका पत्रावर सही करताना माझा हात थांबला. तेव्हापासून तुमच्याशी बोलायचं मनात आहे. तुम्ही चार वेळा उभे राहिलात आणि तीनदा आमदार झालात. मी दोनदा उभी राहिले, दोन्ही वेळा निवडून आले. सभेत कुणीतरी हमखास सांगतं, की लेकीनं बापाला मागं टाकलं, आणि टाळ्या पडतात. मला मात्र तुमची ती एक हरलेली निवडणूकच आठवत राहते. जे झालं ते तिथून सुरू झालं.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसला आहात आणि आई भाकरी थापते आहे. आठवड्यापूर्वी अंगणात चपला ठेवायला जागा नव्हती, आज तिथे एक जोड नाही. आपल्या माणसांनी मतमोजणीच्या टेबलावरून केंद्रवार आकडे उतरवून आणलेत आणि मी, कॉलेजच्या पहिल्या वर्षाची, ते वाचून दाखवते आहे. शाळेच्या तिसऱ्या खोलीतलं केंद्र आलं तसे तुम्ही म्हणालात, ‘थांब. पुन्यांदा वाच.’ ते कॅनॉलपलीकडच्या आळीचं केंद्र. आधी दोनदा तिनं तुम्हाला डोक्यावर घेतलं होतं, या वेळी साफ पाडलं होतं. ‘तुझ्या बाई ऱ्हात्यात ना तिकडं? काय बोलत्यात लोकं?’ बाई म्हणजे मला पहिलीपासून शिकवणाऱ्या, स्वारगेटहून बसनं गावच्या शाळेत येता येता पुढे त्या आळीतच दोन खोल्या बांधून राहिलेल्या. मी हसत हसत सांगून टाकलं, की बाई म्हणतात, माठातलं पाणी आपण रोज बदलतो, मग आमदारच तेवढा का बदलायचा नाही? मला ते गमतीचं वाटलं होतं. तुम्ही हसला नाहीत. आईनं तवा उतरवला आणि मला म्हणाली, ‘भाईरचं घरात सांगायची काय गरज व्हती गं तुला?’ तुम्ही नेहमीसारखे सावकाश जेवलात.

पाच वर्षांनी तुम्ही पुन्हा निवडून आलात आणि अंगण पुन्हा भरलं. माझं अक्षर चांगलं म्हणून शिफारसपत्रं लिहायचं काम माझ्याकडे आलं. तुमची पद्धत मला पहिल्याच आठवड्यात कळली. मागायला आलेल्या प्रत्येकाला पत्र मिळायचं, चहा मिळायचा, पाठीवर हात मिळायचा. पण ज्याचं काम व्हायला हवं, त्याच्या पत्रावर सहीखाली तुम्ही एक रेघ ओढायचात. बाकीच्यांना नुसती सही. कचेरीतल्या साहेबांना ते ठाऊक असायचं. मी विचारलं तेव्हा तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, ‘आमदारानं तोंडानं कुनाला न्हाई म्हनायचं नसतं. साहेबाला कळलं म्हंजे झालं.’ खरं सांगते, तेव्हा मला तुमचा अभिमान वाटला. एवढ्या मोठ्या गुपितात मला घेतलंत याचा.

आळीतली माणसं नळासाठी आली, तेव्हा पुढे बाई होत्या. गावात नळ आले होते, कॅनॉलपलीकडे अजून विहिरीवरूनच पाणी आणावं लागत होतं. ‘बाई, तुमचं काम ते माझं काम,’ तुम्ही म्हणालात. मी पत्र लिहिलं. बाईंनी ते हातात घेतलं, सहीकडे पाहिलंच नाही, माझ्या अक्षराकडे पाहत राहिल्या. ‘वळण राखलंस हो,’ म्हणाल्या. पाटीवर माझा हात धरून त्यांनीच ते वळण लावलं होतं. मी मान खाली घातली. लाजले असेन असं त्यांना वाटलं असणार. तुमची मुदत संपेपर्यंत त्या दर वर्षी आल्या, दर वर्षी मी पत्र लिहिलं आणि दर वर्षी रेघ नव्हती. चौथ्या पावसाळ्यात विहिरीच्या पायरीवर त्या हंड्यासकट घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. पाचव्या पत्राला त्या काठी टेकत आल्या. तुम्ही उठून त्यांना खुर्ची दिलीत. सही केलीत, टोपण लावलंत. मी पेनकडे बघत होते. एक शब्द बोलले असते तर कदाचित तुम्ही ऐकलं असतंत, आबा. मी बोलले नाही.

तुम्ही गेल्यावर माझ्या पहिल्या प्रचारात मी त्या आळीत गेले. बाई खूप थकल्या होत्या. त्यांनी मला आत बोलावलं आणि गादीखालून पाचही पत्रांच्या नकला काढून ओळीनं मांडल्या. शेजारी सहावा कागद ठेवला, कुणा दुसऱ्याच्या पत्राची नक्कल, रेघेसकट. ‘पाचांमध्ये शुद्धलेखनाची एक चूक नाही,’ त्या म्हणाल्या. ‘शंभरपैकी शंभर द्यायला हवेत. रेघ तेवढी नाही.’ मी म्हणाले, बाई, मला निवडून येऊ द्या, पहिलं काम तुमचं. त्यांनी कागद पुन्हा घडी करून ठेवले. ‘आपण आता मोठ्या झालात,’ एवढंच म्हणाल्या. लहानपणापासून अगंतुगं करणाऱ्या बाईंनी मला ‘आपण’ म्हटलं, ते मला अजून सहन होत नाही. त्या वर्षभरातच गेल्या.

पहिलं काम त्यांचं झालं नाही. कॅनॉलपलीकडे आता चार मजली इमारती आहेत आणि आळीच्या तोंडाशी टँकर उभे असतात. गावाचं शहर झालं, पण पाण्याची मोठी लाइन अजून कॅनॉलच्या अलीकडेच वळते. परवा बाईंची सून अर्ज घेऊन आली. ती गेल्यावर माझ्या स्वीय सहायकानं मोबाइल पुढे केला. केंद्रवार निकाल, रंगांत. आळी दोन्ही वेळा माझ्या विरोधात, म्हणून लाल. ‘ताई, आधी हे बघून घ्या,’ तो म्हणाला. मी त्याला हे करायला कधी सांगितलं नव्हतं. काल पाणीपुरवठ्याच्या साहेबांचा फोन आला. ते नोकरीला लागले तेव्हा तुम्ही आमदार होतात. ‘पत्र आलं की बघतोच. आबांची पद्धत आम्हाला माहीत आहे,’ असं म्हणून ते हसले. मीही हसले. ती पद्धत आता राहिली नाही, असं म्हणायला मला फोन ठेवण्यापूर्वी भरपूर वेळ होता.

सही करून झाली तेव्हा पेन कागदावरच होतं. नुसतं डावीकडून उजवीकडे न्यायचं होतं. समोरच्या भिंतीवर तुमचा फोटो आहे, पण मी तुमच्याकडे पाहिलं नाही. मी मोबाइलकडे पाहिलं. आळी लाल दिसत होती. मी पेन उचललं आणि टोपण लावलं.

बाईंची सून सोमवारी पत्र न्यायला येणार आहे. सासूच्या गादीखालचे ते सहा कागद आता तिच्याकडे आहेत, त्यामुळे ती अक्षर बघणार नाही, आधी सहीखाली बघेल. हे तुम्हाला लिहिलेलं मी त्या पत्राबरोबर खणात ठेवते आहे. खणाला कुलूप लावणार होते, पण पत्र सहायकालाच तिला काढून द्यावं लागेल. सोमवारी मी मुंबईला असेन असं त्याला सांगून ठेवलं आहे. मुंबईत मला त्या दिवशी काही काम नाही.